दोन महायुद्धांमधली डच खेळण्यातली मोटार: साल कसं ठरवायचं

नेदरलँड्सच्या जुन्या बाजारात पत्र्याची किंवा लाकडाची एखादी मोटार उचलली की विकणारा ठरलेलं वाक्य ऐकवतो, "युद्धाआधीची आहे." कोणत्या युद्धाच्या आधीची, असं विचारलं की खांदे उडवतो. २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, अख्खा देश रस्त्यावर सतरंज्या पसरून घरातलं सामान विकायला बसतो. त्या दिवशी तर खुद्द विकणाऱ्यालाही ती गाडी आजोबांची की मामांची, हे ठाऊक नसतं. तेव्हा साल आपणच ठरवायचं. ते कसं, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ होता आणि दुसऱ्यात १० मे १९४० रोजी जर्मन फौजा आत शिरल्या. म्हणजे आपल्याला जो काळ हवा तो १९१८ ते १९४०. या बावीस वर्षांत डच मुलांच्या हातात दोन तऱ्हेच्या मोटारी होत्या. पत्र्याच्या, चावीच्या मोटारी बहुतेक करून जर्मनीतून, त्यातही न्युरेंबर्गहून येत. ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास या मुलांच्या सणाच्या भेटींत त्यांचा भरणा असे. लाकडाच्या मोटारी मात्र देशातच बनत, आणि डच घडणीचा खरा ठसा त्यांच्यावरच दिसतो. या दोन्हींचं साल ठरवण्याची रीत वेगळी आहे, आणि सगळा गोंधळ ती एकच धरल्यामुळे होतो.

आधी वही उघडा, दोन रकाने आखा

डाव्या रकान्यात "याआधीची नाही", उजव्यात "यानंतरची नाही". गाडीवरची प्रत्येक खूण यांपैकी एकाच रकान्यात जाते. वाऱ्याला कापणाऱ्या गोलवट आकाराची खरी मोटार १९३४ मध्ये बाजारात आली असेल, तर तिच्या आकाराचं खेळणं १९३४ च्या आधीचं असू शकत नाही. पण ते १९३९ चं किंवा १९५० चंही असू शकतं, कारण पत्रा दाबायचा साचा महाग असतो आणि कारखाना तो झिजेपर्यंत वापरतो. लोक इथेच फसतात. "ही १९२५ च्या फोर्डसारखी दिसते, म्हणजे १९२५ ची," असं म्हणून मोकळे होतात. आकारावरून फक्त डावा रकाना भरतो. उजवा भरायला छाप, शिक्के, खिळे, रंग बघावे लागतात.

सोबत दहापट भिंग, छोटा चुंबक, मोजपट्टी आणि नोटा तपासायची अतिनील टॉर्च ठेवा. चुंबक चिकटला तर पत्रा. धातू असून चिकटला नाही तर शिसं, जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम.

पत्र्याची गाडी: उलटी करा

तोंडाकडे बघण्याआधी पोट बघा. छाप बहुधा तळाला, मागच्या काचेखाली किंवा नंबरप्लेटवर असतो, तोही रोमन अक्षरांत.

बिंग हा न्युरेंबर्गचा बडा कारखाना. त्याचा जुना छाप जी.बी.एन., पहिल्या युद्धानंतरचा बी.डब्ल्यू. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हा कारखाना बुडाला, म्हणून बी.डब्ल्यू. दिसलं की दोन्ही रकाने एका फटक्यात भरतात. असं सुख इतर छाप क्वचितच देतात. ग्युंथरमानच्या ढालीत ए.एस.जी.डब्ल्यू. अशी अक्षरं असतील तर गाडी आपल्या काळाच्या अगदी उंबरठ्यावरची किंवा आधीची, कारण कारखाना चालवणारा वायगल १९१९ मध्ये वारला आणि त्यानंतर नुसतं एस.जी. राहिलं. डिस्लरचं जे.डी.एन., कार्ल बुबचं के.बी.एन. आणि ब्रांडेनबुर्गच्या लेमानचं ई.पी.एल. हे छाप पुष्कळ वर्षं चालले. त्यांच्यावरून कारखाना कळतो, साल नाही.

टिप अँड कंपनीचा छाप टी.सी.ओ. हा. नंबरप्लेटवर बहुधा टी.सी. आणि पुढे आकडा असतो. तो गाडीच्या नमुन्याचा क्रमांक, खऱ्या नोंदणीशी त्याचा संबंध नाही. या कारखान्याचे मालक फिलिप उलमान ज्यू होते. १९३३ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले आणि तिथे त्यांनी मेटॉय उभी केली, जिच्या कॉर्गी मोटारी पुढे जगभर गेल्या. कारखाना मागे राहिला आणि नव्या राजवटीसाठी लष्करी गाड्या बनवू लागला. म्हणून टिपची लष्करी मोटार समोर आली की डाव्या रकान्यात १९३३ लिहायला फारसा विचार करावा लागत नाही.

आता शिक्के. डी.आर.पी. म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, डी.आर.जी.एम. म्हणजे नोंदलेली उपयुक्त रचना. दुसरा शिक्का १८९१ पासून वापरात होता, त्यामुळे त्याने डावा रकाना भरत नाही. दुसऱ्या युद्धानंतर पश्चिम जर्मनीत त्याच्या जागी डी.बी.जी.एम. आलं. आर च्या जागी बी दिसला की गाडी खाली ठेवा, ती आपल्या काळातली नाही. "मेड इन यू. एस. झोन जर्मनी" (म्हणजे जर्मनीचा अमेरिकेच्या ताब्यातला भाग) असेल तर ती १९४५ नंतरची, मग आकार कितीही जुना दिसो. शूको या जर्मन कारखान्याच्या बाबतीत हे फार लागू पडतं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातले त्यांचे नमुने, म्हणजे टेबलाच्या कडेवरून न पडणारी मोटार, गिअर बदलता येणारी बीएमडब्ल्यूसारखी एक्झामिको, हे युद्धानंतर पुन्हा काढले गेले. दोन्ही जुळ्या बहिणी. त्यांना वेगळं करायला पोटावरच्या ओळीसारखी दुसरी सोय नाही.

"मेड इन जर्मनी" हे इंग्रजी शब्द डच घरातल्या खेळण्यावर कसे, असा प्रश्न पडतो. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर मूळ देश छापणं भाग पाडलं आणि कारखान्यांनी सगळ्या देशांसाठी तोच पत्रा छापला. हीच न्युरेंबर्गची चावीची खेळणी मुंबईतही उतरत. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर अशी गाडी दिसली तर वरची रीत तिथेही जशीच्या तशी चालते.

मग आकार वाचा

पहिलं युद्ध संपलं तेव्हाची मोटार म्हणजे चाकांवरची उभी पेटी. रेडिएटर ताठ, पुढची काच सपाट आणि उभी, दिवे मडगार्डपासून सुटे, बाजूला लांब पायरी, वर दुमडता टप. ड्रायव्हर उघड्यावर बसतो. खेळण्यातही तसंच. पत्र्याचा चपटा ड्रायव्हर आणि मागे कधी कधी प्रवासी.

१९२० च्या दशकात दोन बदल झाले. बंदिस्त मोटार स्वस्त झाली आणि १९२३ च्या सुमारास जाड, कमी हवेचे बलून टायर आले. रॉटरडॅमला १९२४ मध्ये फोर्डची जुळणी सुरू झाली होती, त्यामुळे डच रस्त्यावर फोर्ड ही परकी गोष्ट उरली नव्हती. स्पायकर हा देशी मोटारीचा कारखाना मात्र १९२६ पर्यंत बंद पडला. खेळण्यांत याचा परिणाम असा की टप जाऊन पत्र्याचं पक्कं छत आलं, उघडणारी दारं आली, चाकं जाड आणि लहान झाली. खऱ्या गाड्यांवर जलद वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आल्याने दुरंगी गाड्यांची फॅशन निघाली, आणि छपाईच्या पत्र्यावर तर दुरंगी करणं सोपंच. काचेखालून जाणारी बारीक रेघ आणि तिच्या वर-खाली दोन रंग दिसले की मी डाव्या रकान्यात "१९२५ च्या आसपास" लिहितो.

१९३० ते १९३३ हा छोटा पण मजेदार टप्पा. गाडी बसकी होते, रेडिएटर किंचित मागे कलतो, पुढे-मागे बंपर येतात, पाठीवर सामानाची पेटी. काही महाग खेळण्यांत बॅटरीवर लागणारे दिवे.

आणि मग १९३४. त्या वर्षी अमेरिकेत क्रायस्लर एअरफ्लो, चेकोस्लोव्हाकियात टाट्रा ७७, फ्रान्समध्ये पुढच्या चाकांवर चालणारी सित्रोएन. वाऱ्याला कापणारा गोलवट आकार. खरी एअरफ्लो विक्रीत सपशेल आपटली, पण खेळण्यांच्या दुनियेत तिने राज्य केलं. कारणही सरळ आहे. मडगार्ड, बॉनेट, छत असे सुटे भाग जोडण्याऐवजी एकाच दाबात गोल कवच काढता येतं, जोड कमी लागतात, मजुरी वाचते. खेळण्यांचा आकार फक्त रस्त्यावरच्या मोटारींमुळे बदलत नव्हता, यंत्रालाही तो हवा होता. मडगार्डच्या पोटात गेलेले दिवे, नाहीशी झालेली पायरी, मागे उतरत जाणारी पाठ या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर "१९३४ आधीची नाही" हे ठामपणे लिहा.

याच सुमारास लिव्हरपूलहून ओतीव धातूच्या छोट्या मोटारी आल्या. मेकॅनोने १९३३ च्या अखेरीस त्या काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना डिंकी हे नाव दिलं. यांच्यासाठी एकच सूचना. जस्ताच्या ओतीव भागात शिशाची भेसळ गेली असेल तर काही दशकांनी धातू आतून फुगतो, तडकतो, भुगा होतो. बारीक भेगांचं जाळं किंवा किंचित लांबलेली, वाकलेली पट्टी दिसली तर ती विकत घेऊ नका. यावर उपाय नाही.

लाकडाची गाडी: इथे सगळे नियम बदलतात

हा भाग मला सगळ्यात प्रिय, आणि सगळ्यात जास्त चुकीची लेबलंही इथेच सापडतात.

आपलडोर्नला बेर्ख एन बोस नावाचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. औषध नव्हतं, उपचार म्हणजे हवा, ऊन आणि महिनोन्महिने पडून राहणं. बऱ्या होत चाललेल्या रुग्णांना हाताला काम मिळावं म्हणून १९२० च्या दशकाच्या मध्यावर तिथे एक कार्यशाळा उभी राहिली आणि तिची सूत्रं को वेर्झू यांच्याकडे आली. खेळण्यांवर आडो हे नाव पडलं. त्याचा मूळ विस्तार "कामास अपूर्ण ठरलेल्यांच्या हातचं काम" असा. १९३३ मध्ये आरोग्यधाम बिल्टहोव्हनला हललं, कार्यशाळाही सोबत गेली. बायनकॉर्फसारखी मोठी दुकानं आणि अॅम्स्टरडॅमचं उच्चभ्रू मेट्झ ही खेळणी ठेवत.

आडोच्या मोटारीकडे बघा. सरळ कापलेले ठोकळे, काटकोन, सपाट तबकडीसारखी चाकं, लाल-पिवळा-निळा-काळा असे सपाट रंग, कुठे नक्षी नाही, दाराच्या फटीची रेघही नाही. १९१७ मध्ये सुरू झालेल्या डे स्टाइल या डच कलाचळवळीची ही भाषा. युट्रेक्टचे फर्निचरकार रिटफेल्ड यांनी १९२३ मध्ये मुलांसाठी केलेली ढकलगाडी याच घराण्यातली: त्रिकोण, वर्तुळं आणि मूळ रंग. वेर्झूंनी ती भाषा उचलली यात शंका नाही. पण मला दुसरं कारणही तितकंच पटतं. दम लागणाऱ्या माणसाला बसून, थोड्या वेळात, सरळ करवतीने करता येईल असंच काम द्यायला हवं होतं. वाकडी मडगार्डं कोरायला ताकद लागते, सरळ फळी कापायला कमी. इथली साधी रेषा चळवळीतून आली तशीच रुग्णालयाच्या गरजेतूनही आली.

त्याचा परिणाम काय? १९३४ नंतर पत्र्याच्या गाड्या गोल झाल्या तेव्हाही ठोकळ्याची मोटार ठोकळाच राहिली. म्हणून लाकडाच्या डच गाडीचा चौकोनी आकार बघून "१९२० चं दशक" म्हणू नका. शिवाय आडोचं काम दुसऱ्या युद्धानंतरही चालू राहिलं, आणि बाजारात येणाऱ्या कित्येक वस्तू त्या नंतरच्या काळातल्या असतात. इथे आकार डावा रकानासुद्धा भरत नाही. मग काय बघायचं?

जोड बघा. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर मोटारधंद्यात पसरला. डच लाकडी खेळण्यात तो दिसला तर गाडी नंतरची, किंवा चाक नंतर बदललेलं. एका सरळ खाचेचा स्क्रू काहीच सिद्ध करत नाही, तो आजही मिळतो.

आस आणि चाकाचं भोक बघा. मुलाने खरंच खेळवलेल्या गाडीचं भोक एका बाजूला लांबट झिजतं, चाकाच्या कडेवरचा रंग सगळीकडे सारखा उडतो आणि खालचं लाकूड काळपट होतं. मुद्दाम घासून जुनी केलेली गाडी कोपऱ्यांवर झिजलेली असते, चाकांच्या कडा मात्र कोऱ्या. पोटाकडचं उघडं लाकूड बघा. ते हवेने तपकिरी व्हायला हवं. पोटालाही एकसारखा चहाचा रंग फासलेला असेल तर कोणीतरी हात चालवलाय.

टॉर्च मारा. दुसऱ्या युद्धानंतरच्या कागदांत आणि कित्येक रंगांत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. तळाचं लेबल असं पेटलं तर ते मधल्या काळातलं नाही. गाडीवरचा एखादाच पट्टा वेगळा चमकला तर तिथे नंतर रंग भरलाय. अंधाऱ्या जागी बघा, उन्हात काही कळत नाही. बाजारात मी जाकीट डोक्यावर ओढून बघतो. हसतात लोक, हसू द्या.

आता घरगुती गाड्या. १९४० ते १९४५ च्या जर्मन अंमलात धातू मिळेनासा झाला, दुकानं ओस पडली, आणि बापांनी, काकांनी फळ्या ठोकून गाड्या बनवल्या. त्या आज "आडो शैलीतली, १९३० चं दशक" म्हणून विकल्या जातात. ओळखायची खूण म्हणजे मापांचा बेमेळ. कार्यशाळेत साच्यावर कापलेली चारही चाकं एकसारखी भरतात. घरच्या गाडीत मोजपट्टी लावली की एखाद-दुसरा मिलिमीटर फरक निघतो, फळीवर जुन्या पेटीची अक्षरं किंवा आधीच्या खिळ्यांची भोकं दिसतात. पाठीवर उभी टाकी बसवलेली असेल तर ती लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या गाडीची नक्कल. पेट्रोल संपल्यावर त्या काळात तशा गाड्या रस्त्यावर धावत. अशा गाड्यांना मी कमी लेखत नाही. त्यांचं लेबल खरं असावं, एवढंच म्हणणं.

घरगुती गाडीवर कोणी हाताने नंबरप्लेट रंगवली असेल तर नशीब म्हणा. १९०६ पासून डच नंबर प्रांताच्या अक्षराने सुरू होत: जी म्हणजे उत्तर हॉलंड, एच दक्षिण हॉलंड, एल युट्रेक्ट, एम खेल्डरलंड. १९५१ मध्ये ही पद्धत गेली आणि दोन अक्षरं, दोन-दोन आकडे असे नंबर आले. रंगवणारा माणूस समोर दिसतं तेच रंगवतो. जुना नंबर म्हणजे उजव्या रकान्यात १९५० च्या दशकाची सुरुवात, वर प्रांतही कळला.

दुरुस्ती आणि नक्कल

पत्र्याच्या गाडीचे भाग खाचेत घालून वळवलेल्या जिभांनी धरलेले असतात. अशी जीभ एकदाच वळवायची असते. दुसऱ्यांदा वळवली की मुळाशी पांढरी रेघ उमटते, तिसऱ्यांदा तुटते. मुळाशी रेघ दिसली म्हणजे गाडी उघडली गेली आहे. स्प्रिंग बदलली असेल, चाकं दुसऱ्या गाडीची असतील. विचारा, आणि त्यानुसार भाव करा.

छपाई भिंगाखाली बघा. जुन्या पत्र्यावर प्रत्येक रंग वेगळा छापलेला असतो, भरीव, कडेला कधी किंचित सरकलेला. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर छपाई नवी आहे.

एक गाडी धरून बघू

समजा, वीतभर लांबीची पत्र्याची बंद मोटार आहे. पोटावर डी.आर.जी.एम. आणि "मेड इन जर्मनी", प्लेटवर टी.सी. आणि आकडा, रेडिएटर कललेला, दिवे अजून सुटे, पायरी आहे, बाजूला दोन रंग. दुरंगी छपाई म्हणते १९२५ आधीची नाही, कललेला रेडिएटर म्हणतो १९३० आधीची नाही. डाव्यात मोठा आकडा राहतो, १९३०. उजव्यात काय? "झोन" शब्द नाही, डी.बी.जी.एम. नाही, म्हणजे युद्धाआधीची, १९३९-४०. सुटे दिवे आणि पायरी बघून "१९३४ च्या आधीची" म्हणावंसं वाटेल, पण जुना साचा चालू राहू शकतो. म्हणून लेबल लिहायचं, "१९३० ते १९४०, बहुधा पहिली पाच वर्षं". असं लेबल वाचायला रुक्ष वाटतं. लिलावाच्या यादीत "१९३१ ची" असं छातीठोक लिहिलेलं दिसलं, तर त्याचा आधार काय, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

घरी आणल्यावर

त्या काळच्या रंगात शिसं असतं. घासू नका, पॉलिश पेपर लावू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळून झाल्यावर हात धुवा. पत्र्यावर पाणी नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. चावी पूर्ण पिळू नका, अर्ध्या फेऱ्यात यंत्र फिरतं का तेवढं बघा. अडलं तर जोर करू नका, स्प्रिंग सुटली तर बोटं कापते.

अॅम्स्टरडॅमच्या कोरड्या, तापवलेल्या खोलीत वर्षानुवर्षं टिकलेला पत्रा कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात गंजू शकतो. घट्ट झाकणाचा काचेचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनआधी त्या बदलायच्या. लाकडाचं उलट, त्याला अचानक कोरडी हवा सोसत नाही, एसीच्या थेट झोताखाली ठेवलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. प्रत्येक गाडीसोबत वहीतल्या त्या दोन रकान्यांची प्रत ठेवा, कुठे आणि कोणाकडून घेतली तेही लिहा. पुढे कधी नवा छाप, नवी खूण कळली, तर खोडून दुरुस्त करता येईल अशा पेन्सिलीने.